मिस्त्रीचा एकतीस टक्के जोर

लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस लिफ्टच्याच खड्ड्यात पडावा, याला काय म्हणावं! पंचवीस वर्षं मिस्त्रीने लोकांच्या लिफ्ट चालत्या ठेवल्या आणि स्वतः राहिला बिनलिफ्टच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. पडला तो पाठीवर. मणका मोडला, आतला मज्जारज्जू चेचला गेला आणि कमरेखालचं सगळं असून नसल्यासारखं झालं. मग दोन्ही मेहुणे त्याला खुर्चीसकट उचलून जिना चढायचे आणि हा खुर्चीत बसून त्यांनाच शिकवायचा, "अरे, डावी बाजू खाली घ्या, तोल जातोय!"

तळमजल्यावरची मास्तरीणबाई भली. तिला वरचा उजेड हवा होता, म्हणाली, घरं बदलू या. पण मिस्त्री कसला ऐकतोय! "मी माझ्या पायांनी चढणार," एवढंच त्याचं पालुपद. बाईंनी उत्तरासाठी आज संध्याकाळपर्यंतची मुदत दिली होती.

त्याच्या या हट्टाला कारण होता एक आकडा. पुनर्वसन केंद्रात चालवणारा रोबो होता. छतावरून लोंबणाऱ्या पट्ट्यांत अंग अडकवायचं, मांड्यांना आणि पोटऱ्यांना यंत्राचे पाय बांधायचे आणि खालच्या सरकत्या पट्ट्यावर पावलं पडू द्यायची. समोरच्या पडद्यावर दिसायचं, या चालण्यात माणसाचा जोर किती. मिस्त्रीचा आधी नऊ टक्के होता, आता एकतीस! व्यायाम घेणारी ताई टाळ्या वाजवायची आणि मिस्त्री असा काही ऐटीत बघायचा, जणू यंत्र त्यानेच बनवलंय. बायको कोपऱ्यातल्या बाकावर पर्स मांडीवर घेऊन गप्प बसलेली असायची.

आज मिस्त्रीला लहर आली. लिफ्ट दुरुस्त झाली की ती एकदा रिकामी चालवून बघायची, ही त्याची जन्माची सवय.

"ताई, आज मी जोरच लावत नाही. आकडा शून्यावर येतो का बघू. तुमच्या यंत्राची परीक्षा!"

"घ्या काका, तुम्हीच घ्या परीक्षा," ताई हसली.

यंत्र सुरू झालं. मिस्त्रीने अंग सैल सोडलं, डोळे मिटले आणि मनात चालण्याचा विचारसुद्धा येऊ दिला नाही. मिनिटभराने डोळे उघडले.

एकतीस.

"बिघडलंय हे," तो म्हणाला. ताईने यंत्र थांबवून पट्टे तपासले, पुन्हा चालू केलं. चौतीस! ताईचं हसू मावळलं. ती खाली वाकली, मिस्त्रीच्या पोटरीवर हात ठेवून बसली.

"काका, आखडण्यावरची गोळी घेताय ना? तीन वेळा?"

मिस्त्री पडद्याकडे बघत म्हणाला, "एकदा विसरलो होतो... त्या दिवशी आकडा चढला. मला वाटलं, गोळीच पाय झोपवतेय. मग हळूहळू कमी केली. पंधरा दिवस झाले, घेतच नाही."

"अहो, काय केलंत हे!" ताई जवळजवळ ओरडलीच. "मी दर वेळी विचारत होते, तुम्ही हो म्हणत होतात! डॉक्टरांना न विचारता बंद केलीत? झटके आले असते, जिवावर बेतलं असतं!" मग तिचा आवाज खाली आला. "पाय आपोआप आखडतात, काका. यंत्राला तो ताणच तुमचा जोर वाटतो. मीही फसले."

"म्हणजे माझा किती?"

ताईने पडदाच बंद केला. मिस्त्री खाली बघतो तर काय, पाय आपले चाललेत! डावा, उजवा, डावा, उजवा, झोकात. त्याला शिसारी आली.

"थांबव गं ते! थांबव आधी!"

यंत्र थांबलं. बायको बाकावरून उठून जवळ आली. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं.

"तुला... ठाऊक होतं?"

"गोळ्यांचं नव्हतं हो. पायांचं होतं. झोपेतसुद्धा चालतात तुमचे पाय. झोपेत कुठे जोर लावता तुम्ही?"

"मग बोलली का नाहीस?"

"कसं बोलणार? दिवसातून तेवढंच एकदा हसत होतात."

"झोपेत चालतात म्हणजे काय करतात?"

ती सांगेना. ताईकडे बघून संकोचली. मिस्त्रीने पुन्हा विचारलं, तेव्हा तिने स्वतःच्या पायावरचं कापड वीतभर वर सरकवलं. नडगीवर निळेकाळे डाग होते, काही ताजे, काही पिवळे पडलेले. एकावर एक.

मिस्त्री बघतच राहिला. इतक्या लाथा मारल्या आणि आपल्याला एकही कळली नाही!

"वेगळं अंथरूण तरी घालायचंस गं, वेडे..."

"आणि रात्री पाय खाटेवरून खाली घसरला तर? तुम्हाला कळणार होतं का?"

पट्ट्यांत लटकलेल्या अवस्थेतच त्याने हात पुढे केला.

"फोन दे. मास्तरीणबाईंना हो सांगतो."