वहिनी फोन कापायच्या

मी सर्वांत जास्त ऋणी आहे माझ्या वहिनींचा. त्या स्वतः सातवी शिकलेल्या. मला कॉलेजात जाता यावं म्हणून माझ्या वाट्याचं शेतातलं निंदणही त्यांनीच केलं. घरातला पहिला पदवीधर मी. वर्ध्याला एका कार्यालयात कंत्राटी कारकून लागलो, आणि दुसऱ्याच महिन्यात आर्वी-वर्धा बसमध्ये छाती धडधडली, श्वास अडकला. मरतो असंच वाटलं. तपासणीत हृदय ठीक निघालं, तरी बसमध्ये पाय ठेववेना.

तोड वहिनींनीच काढली. प्रत्येक थांब्यावर मी रिंग द्यायची, त्यांनी कापायची. कापली म्हणजे त्या आहेत.

"लावा हजेरी, साहेब! खरांगणा आलं," कंडक्टर चिडवायचा.

आठ महिने एकदाही त्रास झाला नाही. मी बरा झालो, असंच धरून चाललो होतो.

डिसेंबरात एका सकाळी आंजीच्या थांब्यावर रिंग नुसती वाजत राहिली. पुन्हा लावली. तेच. हात गार पडले आणि मी उतरलो. बऱ्याच वेळाने वहिनींचा फोन आला, मग पुढच्या बसने त्या स्वतःच आल्या. ओटीत वेचलेला कापूस तसाच होता.

"काऊन उतरले भाऊजी? मी कापूस वेचून राह्यली होती, फोन वावराच्या धुऱ्यावर पिशवीत राह्यला. काय झालं बाप्पा?"

"काई नाई झालं."

ते खरंच होतं. पण त्यानंतर मला बसमध्ये चढताच येईना. पहिल्यापेक्षा भीती वाढली.

दादाने मोटरसायकलवर बसवून डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, "आठ महिने तुम्ही सुखरूप पोचलात, पण दर वेळी श्रेय फोनला दिलंत. फोन नसला तरी काही वाईट होत नाही, हे तुम्हाला कळलंच नाही."

कार्यालयाने कामावर हजर व्हायला जानेवारीअखेरपर्यंत मुदत दिली. संक्रांतीला वहिनी माहेरी, वडनेरला गेल्या. तोंडावर बोलणं जमलं नसतं, म्हणून पत्र टाकलं.

ती. सौ. वहिनींस,
सा. न.
सोमवारी बसने जाणार आहे, फोन घरी ठेवून. दुसऱ्या कुणाचा फोन मागून घेऊन लावलाच, तर उचलू नका, कापूही नका. तुम्ही इतकं केलंत आणि मी तेच बंद करा म्हणतो, याचा राग मानू नका. छाती धडधडणारच. बहुतेक आंजीला उतरेनही. उतरलो तर तिथेच बसेन आणि वर्ध्याची पुढची बस धरेन. तुम्ही येऊ नका.
तुमचा,
धाकटा दीर