बोडी की होडी

"इले बोडीच मालूम नाही वाटते वं."

चौथीतली एक मुलगी शेजारणीच्या कानात हे म्हणाली आणि दोघी तोंड दाबून हसल्या. मी त्यांच्या मागेच उभी होते. 'इले' म्हणजे पडद्यावरच्या प्रोग्रामला की मला, ते कळलं नाही. तिच्या निबंधातला 'बोडी' हा शब्द लाल झाला होता आणि खाली चौकट आली होती : 'तुम्हाला होडी म्हणायचे आहे का?'

मला बोडी चांगली माहीत होती. साकोलीकडे धानाच्या शेताला लागून जो लहानसा तलाव असतो, तो. माझ्या मामाच्या गावीही आहे. पण मी एवढंच म्हटलं, "बेटा, 'स्वीकारा' दाब."

"पण मॅडम, आमच्याकडं होडी नाही. डोंगा हाये. आन् तो मोठ्या तलावात चालते, बोडीत नाही."

मी पुढच्या कॉम्प्युटरकडे सरकले. सरकून जाणं मला लहानपणापासून छान जमतं.

नागपूरच्या एका संस्थेने या जिल्हा परिषदेच्या शाळेत भाषा आणि लेखन शिकवण्यासाठी दहा कॉम्प्युटर बसवले होते आणि त्यांच्यासोबत मला. मी जवाहरनगरच्या ऑर्डनन्स फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये वाढलेली, इंग्रजी माध्यमातली. मराठी आम्हाला तिसरी भाषा होती, एक पातळ पुस्तक आणि आठवड्यातले दोन तास. पुढे मी ती वाचून वाचून दुरुस्त केली. घरी आई 'मले', 'तुले' बोलते. मी बाहेर चुकूनही बोलत नाही. मुलाखतीत समन्वयक सर म्हणाले होते, "तुमची मराठी किती न्यूट्रल आहे!" मी ते कौतुक समजून घरी सांगितलंही होतं.

प्रोग्रामचं काम सोपं होतं. मुलाने निबंध टाइप करायचा, मशीनने लाल रेघा मारायच्या, मुलाने 'स्वीकारा' दाबत जायचं. सगळं हिरवं झालं की एका बाईचा साखरेच्या पाकातला आवाज यायचा, "अरे वा!" नाही झालं तर, "पुन्हा प्रयत्न करूया का?" मुलांनी तो आवाज लगेच उचलला. मैदानावर कबड्डीत कोणी बाद झालं की अख्खी वर्गसेना ओरडायची, "पुन्हा प्रयत्न करूया का?" महिन्याभरात मुलं शहाणी झाली. काहीही बडवायचं आणि हिरवं होईपर्यंत 'स्वीकारा' दाबायचं. त्यामुळे पंचवीस मुलांची आई एकाच वाक्यात प्रेमळ झाली आणि पंचवीस गावं एकाच वाक्यात निसर्गरम्य. याला संस्था लेखनकौशल्य म्हणत होती. वर्गशिक्षक या तासाला बाहेर उन्हात खुर्ची टाकून बसत आणि मुलांनी चपला ओळीत काढल्या की नाही, तेवढं पाहत.

समन्वयक सर महिन्यातून एकदा गाडीने यायचे. मुलांना 'युजर' म्हणायचे. आलेख बघून मान डोलवायचे आणि चहा घेऊन जायचे. कोणी कोणाचा निबंध उघडला याची नोंद प्रोग्राम ठेवतो. सरांनी कधी एकही उघडला नव्हता.

त्या मुलीचा निबंध मी मात्र तीनदा वाचला होता. नाव 'आमची बोडी'. त्यात होतं : 'उन्हाळ्यात आमच्या बोडीतलं पाणी आटते. मग मरळ मासोळी चिखलात लपते. माझी आई पायानं चिखल चाचपते आणि तिला मरळ कुठे आहे ते कळते. मला अजून कळत नाही.'

तिने एकदाही 'स्वीकारा' दाबलं नाही. तिच्या शेजारणीने तोच निबंध उतरवून घेतला आणि दाबलं. तिच्या होडीतलं पाणी उन्हाळ्यात आटलं, होडीच्या चिखलात मरळ लपली, आणि मशीन म्हणालं, "अरे वा!" वर शिडाच्या होडीचं चित्र असलेलं प्रमाणपत्रही छापून आलं.

जिची बोडी बोडीच राहिली, ती तीनदा लाल झाली. तीनदा लाल झालं की मूल 'पायरी एक'वर उतरतं, असा नियम होता. तिथे लिहायचं नसतं. कानाला हेडफोन लावून 'क कमळाचा' ऐकायचं, तेही वर्षभर. मात्र त्याआधी शिक्षिकेने 'होय' दाबावं लागतं.

मी सरांना लिहून कळवलं होतं, की हा इकडचा शब्द आहे, तो प्रोग्राममध्ये जोडता येईल का. उत्तर आलं : 'लोकल शब्द टाळा. मुलांना शुद्ध भाषेची सवय लागू द्या.' मी उत्तर धाडलं : 'ओके सर.' त्या दोन शब्दांचा मला सरांपेक्षा जास्त तिटकारा आहे.

मग पालकसभा आली. मुलीची आई बाजारात मासोळ्या विकून तशीच आली होती. टोपलं तिने बाहेर पायरीवर ठेवलं. सर आलेखावर बोट ठेवून तिला म्हणाले, "ताई, तुमची मुलगी थोडी मागे आहे. तिला खालच्या पायरीवर टाकतोय. काळजी करू नका."

"मागं म्हंजे? घरी तं रोज लिवत रायते. काय चुकलं तिचं?"

"मॅडम, दाखवा यांना. आणि ते 'होय' दाबून टाका."

मी निबंध उघडला. आई म्हणाली, "मले वाचता नाही येत, बाई. वाचून दाखवा ना."

मी वाचला. पायाने चिखल चाचपायच्या वाक्याला ती लाजून हसली, मग मुलीकडे बघून म्हणाली, "हे बी लिवलं काय वं? बराबर हाये. मरळ तशीच लपते."

"वाक्यं ठीक आहेत, ताई," सर म्हणाले. "शब्द चुकीचा आहे. बोडी नाही, होडी."

आईने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "होडीतलं पानी आटते काय, साहेब?"

मागच्या रांगेतल्या बाया फसकन हसल्या. सरही हसले, पण लहान मुलाचं बोलणं ऐकल्यासारखे. "मॅडम, तुम्हीच समजावून सांगा. तुमची मराठी चांगली आहे."

सगळे माझ्याकडे वळले. मुलगी माझ्याकडे बघत नव्हती. ती पडद्यावरच्या बाणाकडे बघत होती. बाण 'होय'वर होता आणि माऊस माझ्या हातात. शेजारीच 'नाही' होतं. मी ते दाबलं. सरांना वाटलं, चुकून दाबलं.

"पोरगी बराबर हाये, सर," मी म्हणाले. "तुम्हाले बोडीच मालूम नाही."