सर्व मान्यवरांचं एकत्रित स्वागत

शिरवळच्या एका कारखान्यात मी डिस्पॅचला होते. गाड्यांचे सुटे भाग पेट्यांत भरून वेळेवर रवाना करायचे, हे माझं काम. मंदी आली ती आधी कँटीनमध्ये दिसली. चहाबरोबरची बिस्किटं बंद झाली, मग ओव्हरटाइम बंद झाला, मग गेटवर ट्रकची रांग लागेनाशी झाली. शेवटी एका दुपारी एचआरच्या साहेबांनी बोलावून घेतलं, पाण्याचा ग्लास पुढे सरकवला आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही आमच्या कुटुंबातल्याच आहात." तेवढ्यावरून मी ओळखलं. ज्याला कामावर ठेवायचं असतं, त्याला कंपनीत कुणी कुटुंबातलं म्हणत नाही.

भाड्याची खोली सोडली आणि मुलीला घेऊन वडूजजवळच्या सासरी आले. नवरा फौजेत, लांब सीमेवर. फोनवर म्हणाला, "आता निवांत आराम कर." हे तो इतक्या उदारपणे म्हणाला, की जणू माझी रजा त्यानेच मंजूर केली होती.

सासूबाईंना आमच्याकडे आत्या म्हणतात. आत्यांनी मी यायच्या आधीच एक म्हैस बघून ठेवली होती. "दुसऱ्या वेताची हाय. गुणानं लय गरीब. लाथ म्हणून मारत न्हाई." ऐकणाऱ्याला वाटावं, घरात कुणासाठी तरी स्थळ आलंय. म्हशीशी माझं वैर नाही. पण म्हैस दारात आली की दोन्ही वेळच्या धारेला माणूस बांधलाच जातो, आणि तो माणूस कोण असणार हे सगळ्या घराला माहीत होतं. मला सकाळी आवरून कामाला बाहेर पडायचं होतं. माझ्या हाताला माझा पगार हवा होता. ते कायमचं सुटायला नको होतं. म्हशीचा मालक संक्रांतीपर्यंत थांबायला तयार होता, तेव्हा मलाही मुदत तेवढीच होती.

मी पुण्यापर्यंत अर्ज केले. सगळे म्हणाले, "कळवतो." कळवलं कुणीच नाही. गावातून मात्र सल्ल्यांचा तुटवडा नव्हता. कुणी म्हणे पिठाची गिरणी टाक, कुणी म्हणे पार्लर काढ, एकीने तर शेवयांच्या मशीनची जाहिरातच कापून आणून दिली. यातला एकही धंदा त्यांना स्वतःला करायचा नव्हता.

अशात कराडला नणंदेच्या दिराचं लग्न निघालं. तिथे कुणीतरी आपली गाडी मंडपाच्या मागच्या दारात आडवी लावून गेला होता आणि जेवणाचा टेम्पो बाहेर अडकला. माईकवाले गृहस्थ अजिजीने विनंती करत होते, पण गाडी काही हलेना. माझा स्वभाव मुळात तापट, त्यात पोटात भूक. मी माईक हातात घेतला आणि कारखान्याच्या गेटवर ट्रक ड्रायव्हरना सांगायचे त्या आवाजात गाडीचा नंबर, रंग आणि मालकाने काय करावं हे एका दमात सांगितलं. एक जाडजूड पाहुणा ताटावरून उठून हात न धुताच पळाला.

मंडपाचा मालक माझ्याकडे बघतच राहिला. "वैनी, इतकी वर्सं मंडप घालतोय. माईकवर सांगून गाडी हललेली पयल्यांदाच बघतोय." त्याचा नेहमीचा निवेदक मोठ्या हॉलवाल्याने पळवला होता. त्याने तिथल्या तिथे मला विचारलं, "सांगलीकडं एक मोठं लगीन हाय. बोलशीला का? ते जमलं तर ह्या हंगामाची सगळी लग्नं तुमची. न्हाई जमलं तर राम राम." मी हो म्हणून टाकलं. आत्या शेजारीच होत्या. त्यांना वाटलं, जेवणाचं आमंत्रण आहे.

मंडपवाल्याने मला शिकवणी दिली. आमच्या भागात लग्न लावायला भटजी लागतो, पण लग्न पार पाडायला निवेदक. मान्यवर मंडपात शिरले की बूड टेकायच्या आत त्यांचं नाव माईकवर आलं पाहिजे. उशीर झाला तर ते बसतात, पण तोंड पाडून. ज्याचं पद गेलंय त्याला माजी म्हणायचं नाही, आदरणीय म्हणायचं. मी स्वतः नुकतीच माजी झालेली असल्यामुळे हा नियम मला फारच आवडला. "आन् येक ध्यानात ठेवा," तो म्हणाला, "मुहूर्त चुकला तर चालतंय. नाव चुकता कामा नये."

सांगलीजवळचं ते लग्न जैन घरातलं होतं. मुलीचे वडील शेतकरी, शिवाय हळदीचे व्यापारी, त्यामुळे गावातले आणि बाजारपेठेतले, दोन्हीकडचे पाहुणे. मुहूर्त दुपार उतरतानाचा. दिवस थंडीचे, म्हणजे उन्हाला पळायची घाई. मी ठेवणीतली साडी नेसून स्टेजच्या कोपऱ्यात उभी राहिले आणि डिस्पॅचच्या सवयीने एकही नग राहून जाणार नाही अशी स्वागतं सुरू केली. एक आदरणीय आले, त्यांनी शुभेच्छापर दोन शब्द बोलायला माईक घेतला. ते दोन शब्द पाटबंधाऱ्यांपर्यंत गेले. दुसऱ्यांनी त्यात साखर कारखान्याचा ऊसदर घातला. मुहूर्त केव्हाच टळला होता, पण सर्वांत मोठे नेते अजून यायचे होते आणि त्यांचा माणूस दर थोड्या वेळाने येऊन सांगे, "सायेब वाटंतच हायत."

पहिल्या रांगेत नवरीचे आजी-आजोबा बसले होते. आजोबा पांढऱ्याशुभ्र धोतरात, ताठ. ते सारखे मान वळवून मंडपाच्या कनातीपलीकडे पश्चिमेला बघत होते. मला वाटलं, रस्त्याकडे बघताहेत. मी फारच हुशारीने माईकवर म्हणाले, "आपले वयोवृद्ध आजोबासुद्धा साहेबांच्या वाटेकडे डोळे लावून बसले आहेत!"

मंडपात कुणी टाळी वाजवली नाही. नवरीची आत्या तरातरा स्टेजवर आली.

"ताई, ते कुणाची वाट बघत न्हाईत," ती माझ्या कानाशी म्हणाली. "ते सूर्य बघाय लागलेत. दिवस मावळला की दोघंबी पाणीसुदिक घेत न्हाईत. आन् नातीच्या अक्षता पडल्याबिगर जेवणार न्हाई म्हणून सकाळपास्नं तसंच बसलेत."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आमच्या वडूज-खटावकडे पाहुणा यायचा असला की जेवण थांबतं, आणि मग वाजले किती हे कुणी विचारत नाही. सूर्यालाही मुहूर्त असतो हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि मी त्या उपाशी म्हाताऱ्यांसमोर मघापासून एकेका उपाध्यक्षाला ओवाळत होते.

मी बाहेर बघितलं. ऊन उसाच्या तुऱ्यांवर गेलं होतं. मंडपवाला खालून हाताने पंखा फिरवल्यासारखं करत होता, म्हणजे चालू ठेवा, ओढत राहा. साहेबांचा माणूस आणखी नावं घेऊन स्टेजच्या पायऱ्यांशी उभा होता. मला सगळं लख्ख दिसत होतं. साहेब येण्याआधी अक्षता टाकल्या तर हंगाम गेला, माईक गेला आणि संक्रांतीला मी गोठ्यात. मला फार भीती वाटली, हे कबूल करते. पण आजी पदराने आजोबांचं कपाळ टिपत होत्या, ते बघून माझं डोकंच फिरलं.

"आलेल्या, येत असलेल्या आणि वाटेत असलेल्या सर्व मान्यवरांचं एकत्रित स्वागत!" मी म्हणाले. "मुहूर्ताची वेळ झालेली आहे. सर्वांनी अक्षता हातात घेऊन उभं राहावं."

माणसं एकदा अक्षता घेऊन उभी राहिली की त्यांना परत खाली बसवायची ताकद कुठल्याच साहेबात नसते. लग्न लावणारे उपाध्ये बिचारे या वाक्याची वाटच बघत असावेत. त्यांनी मंगलाष्टकं अशी धरली की शेवटच्या कडव्याला त्यांनाच धाप लागली. अक्षता पडल्या, वाजंत्री कडाडली, फटाके उडाले, आणि नेमके त्याच क्षणी साहेब दारातून आत शिरले. एवढा थाट त्यांच्यासाठीच आहे असं त्यांना वाटलं. दोन्ही हात जोडून, चारी दिशांना मान लववत, डोक्यावर तांदूळ झेलत ते स्टेजपर्यंत आले. इतके खूश झालेले पुढारी मी आजवर पाहिले नाहीत.

मी मात्र तिकडे बघत नव्हते. माईकवर पहिली पंगत आजी-आजोबांची म्हणून सांगितलं आणि माणसांनी वाट करून दिली. आजोबा पाटावर बसले. घाई त्यांनी मुळीच केली नाही. आजींच्या पानात वाढून होईपर्यंत थांबले आणि मग पहिला घास घेतला. उन्हाची तिरीप अजून त्यांच्या पानावर होती. मी माईक खाली ठेवला.

परतताना मंडपवाल्याच्या टेम्पोत पुढे बसले. मागे स्पीकर, खांब आणि गाद्या खडखडत होत्या. मंडपवाल्याने रस्त्यावरची नजर काढली नाही. इस्लामपूरच्या अलीकडे त्याने चहाला गाडी थांबवली, तेव्हाही फक्त दोन बोटं दाखवून चहा सांगितला. मी मनातल्या मनात सगळ्याला राम राम करून टाकला होता.

अर्धा कप चहा झाल्यावर तो म्हणाला, "वैनी, तुमी आज माझा जीव घेतला व्हता." मग उरलेला चहा संपवून म्हणाला, "पुढचं लगीन विट्याला हाय. तिथं माणसं रात्री बारालाबी जेवत्यात. तिथं घाई करू नका."

कंपनीने काढलं त्या दिवशी मी रडले नव्हते. साहेबांना थँक्यू म्हणून, ओळखपत्र टेबलावर ठेवून ताठ मानेने बाहेर आले होते. त्यानंतर इतक्या महिन्यांत मला सगळ्यांनी सगळं सांगितलं, पण पुढचं काम कुठे आहे ते कुणी सांगितलं नव्हतं. त्या टपरीवर, लोकांसमोर, मला असं रडू कोसळलं की चहावाल्याने स्टोव्ह बारीक केला.

मंडपवाला घाबराघुबरा झाला. "आवं वैनी, काय झालं? विटं लांब पडतंय व्हय?"

"नाही," मी पदराने तोंड पुसत म्हणाले. "चालतंय."