तिथीच्या नावाने ठेवलेल्या खुणा

देवळात गावकर गाऱ्हाणं घालतो आणि आपण मागून "व्हय महाराजा" म्हणतो ना, तसं आमच्या स्वयंपाकघरात रोज सकाळी चालायचं. लेक घरूनच कंपनीचं काम करते. कोड लिहिणाऱ्यांना तिथल्या तिथे टिपणं ठेवता यावीत म्हणून तिने त्यांच्या एडिटरला, म्हणजे कोड लिहायच्या पाटीला, जोडायचं एक प्लगिन केलं, फुकट वाटलं, आणि कुठकुठच्या लोकांचे अभिप्राय यायला लागले. चहा पिता पिता ती ते मराठीत करून वाचायची आणि मी तव्यावरचे घावणे उलटत साथ द्यायची. अक्षर बारीक आहे, व्हय महाराजा. रंग डोळ्यांना टोचतो, व्हय महाराजा. हसून हसून पुरेवाट.

त्या प्लगिनची पहिली गिऱ्हाईक मीच. शाळा चौथीपर्यंत, टायपिंग माझं मीच शिकले. लेकीने आपला जुना लॅपटॉप दिला, त्यात ती कोडवाल्यांची काळी पाटी. मला तेवढं पुरे होतं, कारण घाई होती. आमच्या ह्यांचं विसरणं वाढत चाललं होतं. सगळा जन्म होडीवर काढलेला माणूस. पाण्याखाली खडपं, म्हणजे खडक, कुठे आहेत ते किनाऱ्यावरच्या खुणांवरून सांगायचे: अमका माड तमक्या कळसाआड गेला की होडी वळव. कागदावर कधी एक अक्षर नाही. म्हणून दिवेलागणीला ते सांगायचे आणि मी टिपायची. वर नाव तिथीचं. कॅलेंडर बघायचं, एकादशी तर एकादशी. लिहिलेलं परत उघडून बघितलं नाही कधी. लोणच्याची बरणी आपण रोज उघडतो का?

मग एका सकाळी अभिप्राय आला, माझं एक जुनं टिपण सापडत नाही.

"तेनाच पुसल्यान आसतला," लेक म्हणाली. मी सवयीने व्हय महाराजा म्हटलं.

दोन दिवसांनी दुसऱ्याचं तेच. मग तिसऱ्याचं. त्याने लिहिलं होतं, टिपण आहे, नाव तेच आहे, पण आतला मजकूर माझा जुना नाही. लेक हसली नाही. मीही साथ दिली नाही. तव्यावर घावणा करपला.

"आये, तू टिपणाक नाव काय घालतंस गो?"

"तिथी."

"दर पंधरवड्याक तीच?"

"मगे? तिथी काय माझ्यासाठी नवी काढतले?"

तिने लॅपटॉप ओढून घेतला. डाव्या बाजूला यादी होती. प्रतिपदा, द्वितीया, खाली पौर्णिमा, अमावास्या. मोजली, सोळा नावं. पावसाळ्याच्या आधीपासून मी रोज लिहीत होते, आणि टिपणं सोळा. जुनंच नाव परत दिलं की तिचं प्लगिन काही न विचारता जुन्यावर नवं बसवत होतं. बाकीचे लोक तारखा घालतात, एका दिवशी दोन टिपणं केली तरच त्यांचं एखादं जायचं. माझं रोज जात होतं, आणि सगळ्यांत आधी गाऱ्हाणं मीच घालायला हवं होतं.

उरलं ते फक्त शेवटच्या पंधरवड्याचं. त्या दिवसांत ते खुणा कुठे सांगत होते! आईच्या हातची पेज, एक मेलेला बैल, एकच माड तीनदा. मी आपली इमानाने टिपत गेले आणि त्याच बडबडीखाली चांगल्या खुणा पुसल्या.

"चूक मी आजच काढतंय," लेक म्हणाली. "पण गेला ता..." तिने लॅपटॉप मिटला.

मी कॅलेंडरचं जुनं पान फाडलं, पेन्सिल घेतली आणि पडवीत ह्यांच्याजवळ बसले.

"अहो, ती कुणकेश्वराच्या कळसाची खूण परत सांगा बघया."

त्यांनी बोट समुद्राकडे केलं. मग अगदी पूर्वीच्या आवाजात म्हणाले, "कळस माडाच्या उजव्या अंगाक इलो काय होडी वळवची."

माझा जीव भांड्यात पडला. लिहून घेतलं. खात्रीला म्हणून परत विचारलं, "उजव्या ना?"

"डाव्या गो," ते म्हणाले. "किती येळा सांगू तुका?"

पानावर मी दोन्ही लिहून ठेवलं आहे.