माजी झाल्यावर बाबा

त्या वर्षांत दिल्लीत सरकारं भराभर बदलत होती, त्यामुळे देशात माजी पंतप्रधानांची टंचाई नव्हती. त्यांच्यातल्या एकाने भर सभेत चालू पंतप्रधानांवर तोंडसुख घेतलं. ती बातमी वाचून माझे वडील इतके संतापले की पुढ्यातला चहा निवून गेला. बाबा फतेगंज भागातल्या एका शाळेचे मुख्याध्यापक होते आणि मी तिथेच मराठी शिकवत असे.

"खुर्ची सोडली की गप्प बसावं. सांगायचंच असेल तर दार लावून सांगावं," ते म्हणाले. तसं पत्र त्यांनी आमच्या शहरातल्या एका गुजराती दैनिकाला धाडलं. ते छापून आल्यावर आमच्या वाडीतल्या शेजाऱ्यांना जिन्यात थांबवून वाचून दाखवलं.

पुढच्या जूनमध्ये बाबा स्वतःच माजी झाले.

त्यांच्या जागी आलेल्या बाईंनी वाचनालयाच्या खोलीत संगणक बसवले आणि पुस्तकं पेटाऱ्यात भरली. मी घरी पोचले की चपला काढायच्या आत प्रश्न यायचा, "आज काय केलं तिनं?" सांगितलं तर रक्तदाब वाढायचा, नाही सांगितलं तर अबोला.

"बाबा, दार लावून सांगा ना त्यांना."

"मला बोलावलंय का कुणी?"

बाईंनी बोलावलं, स्नेहसंमेलनाला, प्रमुख पाहुणे म्हणून. फक्त आशीर्वाद देईन, असं बाबांनी मला वचन दिलं. पाच मिनिटं दिलाही. मग चष्मा काढून त्यांनी विचारलं, "मुलांनो, तुमची पुस्तकं कुठे आहेत?"

"पेटाऱ्यात!" अख्खी शाळा ओरडली.

त्यानंतर अर्धा तास घंटेची वेळ, प्रार्थनेचा सूर, फाटकाचा रंग, काहीही सुटलं नाही. मी शिक्षकांच्या रांगेत स्वतःच्या पायांची बोटं मोजत होते. शेवटी बाई उठल्या. "सरांचं बरोबर आहे. पुस्तकांच्या बाबतीत माझं चुकलं. सोमवारी पेटारे उघडतील." त्या एवढंच बोलल्या आणि बसल्या. बाबा रिक्षात घरापर्यंत गुणगुणत आले.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळीच घडियाळी पोळ या जुन्या गल्लीतून काठी टेकत एक गृहस्थ आले. बाबांच्याही आधीचे मुख्याध्यापक, वय पंच्याऐंशी.

"काल मागच्या रांगेत होतो. छान बोललास," ते म्हणाले. "मी आपला इतकी वर्षं समजत होतो, माजी माणसानं बोलायचं नसतं. तू माझा संकोच मोडलास रे."

"बसा ना, सर."

"माझी बाग उपटून तू सायकली लावायला जागा केलीस. तिथपासून सुरू करू?"

त्यांनी सुरू केलं. दोन चहा झाले, फाफडा झाला. एरवी कुणाला वाक्य पुरं करू न देणारे बाबा "हो सर", "चुकलं सर" म्हणत खुर्चीच्या टोकावर बसून होते. मी आत तोंडात पदर कोंबून ऐकत होते.

"मजा पडी गई!" निघताना ते म्हणाले. "अजून दहावीच्या निकालाचं राहिलंय. पुढच्या रविवारी येतो."

सोमवारी पेटारे खरंच उघडले. मुलांनी पुस्तकांवर उड्या मारल्या. घरी येऊन मी उत्साहानं सांगितलं.

"बरं झालं," बाबा म्हणाले. मग कॅलेंडरकडे बघत, "येत्या रविवारी आपण कुठे बाहेरगावी जायचं का गं?"