फुंकर मोजणाऱ्या सिस्टर

वडील यंत्रमागावर होते. सुताच्या धुळीनं छाती धरली, काम सुटलं, आईनं चार घरची धुणीभांडी धरली. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "कामाला लागले तेव्हा श्वास कसा होता?" घरात कुणाकडंच उत्तर नव्हतं. पुढं मी घरातला पहिला पदवीधर झालो, चिंचोळी एमआयडीसीत सेफ्टी विभागात लागलो, आणि तिथं हे उत्तर प्रत्येकासाठी लिहून ठेवणारी बाई भेटली. कंपनीच्या दवाखान्यातल्या आमच्या सिस्टर. एवढा हट्टी माणूस अख्ख्या सोलापुरात सापडायचा नाही.

आमच्याकडं कापडावर लेप द्यायची नॅनो पावडर बनते. इतकी बारीक, की हवेत असली तरी दिसत नाही. छातीत जाऊन ती काही वर्षांनी काय करते, हे अजून कुणालाच नीट ठाऊक नाही. "ठाऊक न्हाय म्हणूनच लिहून ठेवायचं की!" सिस्टर म्हणायच्या. नवा माणूस खात्यात जाण्याआधी त्यांच्या श्वास मोजायच्या यंत्रात फुंकणार म्हणजे फुंकणार, आणि पुढंही अधूनमधून फुंकणार. "फुंक, अजून फुंक, सोडू नगंस!" हा आरडाओरडा ऐकून वॉचमनला आत कुस्ती लागल्यासारखं वाटायचं. कँटीनमध्ये त्या अतिशय भिकार विनोद सांगायच्या. "याला कोण हसणार, सिस्टर?" मी एकदा विचारलंच. "हसताना कोण खोकतंय, तेवढंच बघायचं असतंय मला."

एकदा पावडर भरणाऱ्या इरफानची फुंकर आधीपेक्षा एकदम दीडपट भरली. सिस्टरनी आकडा बघितला, मग मास्क काढलेल्या माणसाच्या ओठावरचा गोल वण.

"बँडात काय वाजवतोस रं?"

"ट्रम्पेट," तो बोलून गेला. इरफाननं आपल्यासारख्याच दिसणाऱ्या धाकट्या भावाला फुंकायला पाठवलं होतं!

खऱ्या इरफानची फुंकर पहिल्या दिवसापेक्षा बरीच कमी भरली. तो हात जोडून म्हणाला, "मत लिखो ना सिस्टर, ठेकेदार निकाल देगा."

सिस्टरनी लिहिलं, आणि रजिस्टर घेऊन मलाही ओढत मॅनेजरसाहेबांकडं नेलं. साहेब म्हणाले, "ठेक्याचा माणूस आहे, ठेकेदार बघेल."

"पावडर तुमची, छाती त्याची. ठेकेदार मधी कुटं आला?" मग माझ्याकडं वळून, "पदवी घिऊन गप का उभारलायस? बोल की!"

साहेबासमोर मी पहिल्यांदाच तोंड उघडलं, इरफानला पावडरीपासून लांबचं काम द्या म्हणालो. त्यानंतर महिनाभर आम्ही दोघं रोज त्या केबिनमध्ये जात होतो.

यंदा सिस्टर निवृत्त होऊन माढ्याला गेल्या. त्यांच्या खोलीवरून जाताना पाय अजून रेंगाळतात. इरफान त्याच पगारावर स्टोअरला आहे. त्याचा श्वास पुरता परतला नाही, पण घसरायचा थांबला. पावडर आता बंद यंत्रात भरली जाते. आणि सिस्टर नसल्या तरी ठेक्यावरच्या प्रत्येक माणसाचा श्वास पहिल्याच दिवशी मोजला जातो, आता त्याचा कागदही त्याच्या हातात दिला जातो.