कणगीतलं पॅकेज

आमच्या घरात आलेलं पहिलं सॉफ्टवेअर आम्ही ज्वारीच्या कणगीत ठेवलं होतं.

गोष्ट नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची. जैनथकडच्या आमच्या खेड्यातून मी आदिलाबादच्या कॉलेजात बी.कॉम.ला आले आणि कंप्युटर हा विषय घेतला. का घेतला? कारण कंप्युटरच्या खोलीत कुलर होता आणि चपला बाहेर काढून आत जावं लागायचं. देवळानंतर एवढा मान मी फक्त त्याच खोलीला दिलेला पाहिला! आत कंप्युटर दोन. त्यातला एक दसऱ्यापासून आजारी.

हिशोबाचं एक पॅकेज आम्हाला प्रॅक्टिकलला होतं. ते असायचं चार फ्लॉप्यांवर. (फ्लॉपी म्हणजे वहीच्या पानाएवढं काळं, पातळ चौकोनी पाकीट. मधे भोक आणि आतली गोल चकती यंत्राला वाचता यावी म्हणून एक उघडी फट.) कॉलेजचा संच कुणीतरी उन्हाळ्यात खिडकीत विसरलं. आदिलाबादचं ऊन ते! फ्लॉप्या पापडासारख्या वळल्या. आमचे सर तेलुगू, पण वर्गात हिंदीवर यायचे. ते शांतपणे म्हणाले, "पॅकेज अपना अपना लाओ. पॅकेज नहीं तो प्रॅक्टिकल नहीं. प्रॅक्टिकल नहीं तो पास नहीं."

नापास झालं की हॉस्टेलची जागा जायची. हॉस्टेल गेलं की कॉलेज गेलं, कारण आमच्या गावाची बस यायची तेव्हा यायची (आणि नाही तेव्हा ड्रायव्हरच्या घरी लग्न असायचं). बाबांचे थोरले भाऊ, आमचे मोठेबाबा, आधीच टपून बसले होते. "पोरीले कापूस वेचाले कोणतं कंप्युटर लागते?" हा त्यांचा आवडता प्रश्न. बाबा त्यांच्याशी भांडून मला शिकवत होते. चौथी शिकलेला माझा बाप, अख्ख्या गावाविरुद्ध एकटा उभा! त्याला मी काय तोंड दाखवणार होते?

विकतची चौकशी केली. टायपिंग इन्स्टिट्यूटवाले म्हणाले, हैदराबादहून मागवावं लागेल. किंमत सांगितली. मी म्हटलं, पुन्हा सांगा. त्यांनी पुन्हा सांगितली, जरा सावकाश सांगितली, पण कमी काही झाली नाही. तेवढ्यात गावाकडे बैलजोडी आली असती! वर्गातल्या पोरांनी कुणाच्या तरी भावाकडून एक संच पैदा केला होता आणि त्यावर धनावरच्या नागासारखे बसले होते. त्यांचा म्होरक्या किशोर म्हणाला, "कॉपी केली का मूळची घासते." मला तेव्हा ते खरंच वाटलं.

मग कळलं की कापूस बाजारातल्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, हेच पॅकेज आहे. तिथले कारकून खलीलभाई. आणि बाबा आमचा कापूस तिथंच घालायचे! मी त्या रविवारी घरी धावले.

"बाबा, खलीलभाईकडून चार फ्लॉप्या आणा लागतात."

"इकत?"

"नाही, उसन्या. त्याच्यावरून आपण दुसऱ्या काढून घेऊ आन त्याच्या त्याले वापस."

"मंग त्याचं कमी होत नाय?"

"नाही होत."

"असं कसं? घेतलं तं कमी होतेच ना बाई!"

आता इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण वर्षभर कंप्युटर शिकलेली मुलगी ती, गप्प कशी बसेल? मी म्हटलं, "बाबा, बियाण्यासारखं समजा. उसनं आणलं, पेरलं, आपलं झालं, आन त्याचं त्याले देलं."

बाबांचा चेहरा उजळला. "अस्सं सांग ना मंग! बियाणं हाय थे! कायले घाबरून राह्यली? बियाण्याले कोणी नाय म्हणत नसते."

आणि खरंच, आमच्याकडे दारात बी मागायला आलेल्याला कुणी रिकामं पाठवत नाही. दावा चालू असला तरी! बाबांना किती सहज पटलं ते. मी मात्र समजावण्याच्या माझ्या कलेवर खूश होऊन हॉस्टेलला परतले.

सोमवारी बाजाराला गेलेल्या बाबांना खलीलभाईंनी फ्लॉप्या दिल्या आणि वर बजावलं, "चाचा, जान से ज्यादा संभालकू रखना." एवढं बजावल्यावर बाबा त्या हॉस्टेलच्या पोरींच्या गोंधळात थोड्याच देणार? ते घरी घेऊन गेले.

पुढच्या रविवारी मी गेले तर फ्लॉप्या कुठं दिसेनात.

"ठेवल्या ना जपून," बाबा म्हणाले. मला कणगीपाशी नेलं. खांद्यापर्यंत हात ज्वारीत घातला आणि एकेक करून फ्लॉप्या बाहेर काढल्या. सोबत कडुलिंबाचा पाला आला. दोन बिब्बे आले. चारी फ्लॉप्या राखेनं पांढऱ्या झाल्या होत्या.

"म्याच चोळली राख," माय कौतुकानं म्हणाली. "दोन्हीकून. त्या फटीतबी घातली बोटानं. किड्याची काय मजाल!"

मी अशी किंचाळले की शेजारचं कुत्रं उठून गेलं.

"काऊन? काय झालं?" माय घाबरली. मी रडत, ओरडत सगळं सांगितलं, तेव्हा ती चिडली. "शिकली मोठी! बियाणं कसं ठेवतेत थेच इसरली!"

मग आम्ही तिघांनी मिळून फ्लॉप्या झटकल्या, फुंकल्या, मायच्या लुगड्याच्या पदरानं पुसल्या. एकीत काहीतरी खुळखुळत होतं. मायनं ती कानाशी नेऊन हलवली. "एक दाणा हाय. राहू दे. शुभ असते."

आणि मी राहू दिला! वाटलं, एका दाण्यानं काय होतं?

दुसऱ्या दिवशी कॉलेजात देवाचं नाव घेऊन पहिली फ्लॉपी घातली आणि खिट्टी लावली. आधी गुरगुर झाली. मग पट्टा सुटायच्या आधी पिठाची गिरणी करते तसा आवाज आला. दिवा लागला तो विझेचना. खोलीभर कडुलिंबाचा वास सुटला.

सर धावत आले. 'काय गं' हे आधी तेलुगूतूनच निघालं. "एमम्मा! क्या डाला इसमें?"

"सर, फ्लॉपी."

"उसके पहले फ्लॉपी में क्या डाला?"

सरांनी चिमट्यानं आतून एक काडी काढली, मग राखेचा गोळा, मग दाणा. दाणा तळहातावर घेऊन त्यांनी उलटसुलट करून पाहिला. हैदराबादला शिकताना हा धडा त्यांना कुणी शिकवला नसावा. "मैं साफ करता. कोई हाथ नक्को लगाओ," म्हणून ते स्पिरिट आणायला गेले.

पण किशोरला दम कुठला! पुढची पाळी त्याची होती. सर बाहेर पडताच त्यानं आपली फ्लॉपी आत सारली. कर्रर्र! उरलेल्या राखेनं तिच्यावर असा चरा ओढला की नागाचं धन जागच्या जागी संपलं. सर परतले तेव्हा आदिलाबादच्या त्या खोलीत एकही चालू पॅकेज नव्हतं, आणि अख्खा वर्ग माझ्याकडे बघत होता.

मी व्हरांड्यात जाऊन रडले. खोटं कशाला सांगू? त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. माझी जागा तर जाणारच होती, पण आता सगळ्यांचं वर्ष माझ्यापायी जाणार होतं. आणि त्या खलीलभाईंना काय सांगायचं?

निरोप गेला तसे बाबा आले. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "बियाणं आपल्या घरी मेलं. आपल्याले भरून द्या लागते." टायपिंगवाल्याकडून नव्या फ्लॉप्या घेतल्या आणि मला घेऊन जिनिंगला गेले. दोन्ही हातांनी गड्डी खलीलभाईंच्या टेबलावर ठेवली.

खलीलभाईंनी मोजल्या. "चाचा, मैं तो चार दिया था. ये पाँच?"

"सवाई हाय," बाबा म्हणाले. उसनं बी परत करताना चाराचं पाच द्यायचं, ही आमच्याकडची रीत. मी कपाळाला हात लावला.

"पर ये तो कोरे हैं, चाचा. खाली."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "कोरे? यायच्यात बी नाय?"

"नाही, बाबा."

"मंग त्यानं पैसे कायचे घेतले? पोत्याचे?"

खलीलभाई खुर्चीवरून पडायचे बाकी राहिले. मी भीतभीत राखेची हकिगत सांगितली आणि आता हे ओरडणार म्हणून डोळे मिटले. ओरडले नाहीत. उठून कपाट उघडलं. आत लोकरी शालीच्या घडीत, डांबराच्या गोळ्यांमधे त्यांचा दुसरा संच झोपला होता! "हमारी अम्मी रखे," ते ओशाळून म्हणाले. त्यांनी तिथल्या तिथं नव्या चार फ्लॉप्यांवर पॅकेज उतरवून माझ्या हातात दिलं. पाचवी बाबांनी काही परत घेतली नाही. घेतली असती तर म्हणे पीक आलं नसतं.

बाहेर आल्यावर बाबा म्हणाले, "त्या पोरायलेबी दे."

"त्यायनं मले देलं नव्हतं, बाबा!"

"थे त्यायचं पाप. मांगतलं तं द्याच लागते."

असं फुकट उतरवून देणं कायद्यात बसत नाही, हे मला पुष्कळ पुढं कळलं. पण त्या दिवशी मला एवढंच कळलं की द्यायची इच्छा माझी मुळीच नव्हती. किशोर दोन दिवस मान खाली घालून माझ्या बाकाभोवती फिरला. मी त्याला नीट फिरू दिलं आणि मग फ्लॉप्या उतरवून घ्यायला दिल्या.

सरांनी स्पिरिटनं यंत्र साफ केलं होतंच. प्रॅक्टिकल झालं. तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक होते. त्यांनी मला विचारलं, "फ्लॉपी की देखभाल कैसे करोगे?" त्यांच्यामागे उभ्या असलेल्या सरांनी डोळे मिटून घेतले. मी घडाघडा बोलले: ऊन लागू देऊ नये, ओल लागू देऊ नये, लोहचुंबकाजवळ नेऊ नये, फटीला बोट लावू नये. परीक्षक खूश झाले. म्हणाले, "और कुछ?" आता एवढ्यावर थांबावं की नाही? पण हॉस्टेलची जागा डोळ्यांसमोर दिसत होती. वाटलं, एखादा मार्क वाढला तर वाढला. मी म्हटलं, "और सर, ज्वार में नहीं रखना."

परीक्षकांनी सरांकडे पाहिलं. सर खिडकीबाहेर पाहत होते. पण पास झाले मी, जागा टिकली, आणि मोठेबाबांना आपला प्रश्न वर्षभर गिळावा लागला.

माझं उत्तर त्या दिवशी माझ्या जर्नलमध्येही मी पाचव्या मुद्द्यात लिहून ठेवलं होतं. पुढच्या वर्षीच्या मुलांनी ते जर्नल उतरवून घेतलं, त्यांचं त्यांच्यानंतरच्यांनी. फ्लॉप्या मोडीत निघाल्या तरी "ज्वारीत ठेवू नये" हे त्या कॉलेजात अक्षर न चुकवता लिहिलं जात होतं म्हणे. कंप्युटरशास्त्राला मी दिलेली भर ती एवढीच.